गणिताच्या उन्हाळी शिबिरात ताई-दादा होताना

रात्रीचे साडेनऊ. वीज गेलेली. शाळेच्या पडवीत टॉर्च उभा करून ठेवला होता आणि त्याच्या उजेडात सातवीतली एक मुलगी काजूच्या बिया मागे-पुढे सरकवत बसली होती. खेळ साधा. २१ बिया, दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या, शेवटची बी ज्याच्या हातात तो जिंकला. संध्याकाळपासून ती माझ्याशी सहा वेळा हरली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात तिने हात वर केला. "ताई, सांगू नको हां. मी बघतंय."

मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने ती स्वतःशीच म्हणाली, "चार उरले काय मी मेलंय." एवढंच. पण चारवर अडकलेला माणूस आठवरही अडकतो, बारावरही, आणि २१ मधून पहिल्यांदा एकच बी उचलणारा हरतच नाही, हे सगळं त्या एका वाक्यात होतं. ते तिला दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी दिसलं. मी रात्रीच सांगितलं असतं तर तिला खेळ कळला असता, पण तो तिचा झाला नसता.

पाच उन्हाळे मी रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यालगत अशा निवासी शिबिरांत ताई म्हणून राहिले. सहावी ते आठवीची मुलं, बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांतली: मच्छीमारांची, आंबा बागेत राबणाऱ्यांची, धनगरवाड्यांवरची, कातकरी वाड्यांवरची. पंधरा-सोळा दिवस मुलं तिथेच जेवतात, झोपतात आणि रोज गणित करतात. कॉलेजातली किंवा नुकतीच शिक्षक झालेली बरीच मंडळी आता या कामाला जाताना दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १ : हो म्हणण्याआधी विचारायच्या गोष्टी

शिबिरात शिकवणारे शिक्षक वेगळे असतात. ते दिवसातले तीन-चार तास वर्गात असतात. उरलेल्या सगळ्या वेळेला मुलांबरोबर असतात ते ताई-दादा. झोपेतून उठवणं, रांगेत पाणी भरणं, भांडणं, ताप, घरची आठवण, आणि संध्याकाळच्या तासाला गणितात अडलेल्या मुलाशेजारी बसणं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे. लोक तयारी करतात ती मात्र बाकीच्या कामांची.

आयोजकांना स्पष्ट विचारा. एका ताईकडे किती मुली? आठ-दहाच्या वर असतील तर अजून एक माणूस मागा. मुलींच्या खोलीशेजारी रात्री कोण झोपणार? जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आणि रात्री-बेरात्री गाडी कोणाची? काम करणाऱ्या सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? पाणी कुठून येतं? मे महिन्यात कोकणातल्या विहिरी तळ गाठतात, चाळीस मुलांना आंघोळीला पाणी पुरवायचं म्हणजे रोजचा हिशोब असतो. मानधन, प्रवासखर्च आणि सुट्टीचा दिवस हेही आधीच बोलून घ्या, त्यात संकोच नको. या प्रश्नांना "बघू, होईल सगळं" असं उत्तर देणाऱ्या एका ठिकाणी मी एकदा गेले आणि तिसऱ्या रात्री आम्ही दोघी मिळून २६ मुली सांभाळत होतो. पुन्हा तसं केलं नाही.

तारखाही बघा. शाळांचे निकाल मेच्या सुरुवातीला लागतात आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात असतो. कधी त्याहीआधी, २०२५ साली मे संपायच्या आतच तो कोकणात शिरला. किनाऱ्यावरचं शिबीर २२-२५ मेपर्यंत आटोपलेलं बरं. पत्र्याच्या छपरावर पावसाळी वारा सुरू झाला की शिकवणं थांबतंच, आणि पालकांचा जीव घरी अडकतो.

पायरी २ : एप्रिलमध्ये एकदा तरी मुलांच्या घरी जा

ही पायरी वगळू नका. मे महिना शहरातल्या मुलाला सुट्टीचा, इथल्या मुलाला हाताला काम असण्याचा महिना आहे. हापूसच्या पेट्या भरायच्या असतात, काजू गोळा करायचे असतात, रातांबे फोडून सोलं वाळवायची असतात. १ जूनपासून यांत्रिक बोटींना समुद्र बंद, म्हणून बंदरावरची घरं मेअखेरपर्यंत मिळेल तेवढं गाठीला बांधत असतात. कुणाच्या घरी लग्न, कुणाकडे मुंबईचे चाकरमानी आलेले. कातकरी कुटुंबं अनेकदा वीटभट्टीवरून नुकती परतलेली किंवा अजून तिथेच. बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलंही असतात, त्यांचा पत्ता दर हंगामाला बदलतो. तेरा वर्षांचं मूल पंधरा दिवस घराबाहेर राहणं म्हणजे त्या घराचे दोन हात कमी होणं, हे मनात ठेवून पडवीत बसा.

वडील बहुतेक वेळा विचारतात ते "पैसे किती?" आणि "परीक्षा हाय काय?" आई विचारते रात्रीचं. कोण असेल, दार लागतं का, पोर पाळीला बसली तर काय. तिला नेमकं उत्तर द्या. खोली कुठली, तुम्ही कुठे झोपणार, फोन किती वाजता करता येईल, भेटायला यायचं तर शेवटची एसटी किती वाजताची. शक्य असेल तर आईला एक दिवस आधी येऊन जागा बघून जायला सांगा. ज्या आया येऊन बघून गेल्या त्यांच्या मुली मध्येच घरी परत गेल्याचं मला आठवत नाही.

"पोरगा इंजिनीअर होईल" असलं काही बोलू नका. खरं आणि उपयोगाचं असेल ते सांगा. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरी ठेवून या. शिबिराचा मात्र त्या परीक्षेचा क्लास होऊ देऊ नका. वर्षभर सराव प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्या मुलाला सुट्टीतही तेच देणं म्हणजे जे त्याला आधीच नकोसं झालंय तेच आणखी वाढणं.

पायरी ३ : स्वतः गणित करा, आणि त्यात स्वतः अडा

जाण्याआधी पंधरा-वीस कोडी निवडा आणि उत्तर न बघता सोडवा. जिथे तुम्ही अडलात तिथे खूण करा. ती खूण उत्तरापेक्षा मोलाची आहे, कारण मूल तिथेच किंवा त्याच्या आसपास अडणार आहे आणि त्या वेळी कसं वाटतं हे तुम्हाला आठवत असेल.

कोडं निवडताना माझी कसोटी अशी: पहिलं पाऊल चौथीच्या मुलाला टाकता यावं, आणि शेवट मलाही चटकन दिसू नये. दत्तात्रेय कापरेकरांचा ६१७४ या कसोटीला पुरेपूर उतरतो. कापरेकर कोकणातलेच, १९०५ साली डहाणूला जन्मलेले. देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच, उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते.

हातच्याची वजाबाकी ज्यांना नको असते अशी मुलं यात चाळीस-चाळीस वजाबाक्या करताना मी पाहिली आहेत, कोणी न सांगता. आणि सातव्या पायरीनंतरही ६१७४ आलं नाही तर मूल स्वतःच मागे जाऊन चूक शोधतं. लाल पेन लागत नाही. पुढचा प्रश्न मात्र तयार ठेवा. तीन अंकी संख्येचं काय होतं? (४९५ वर येऊन थांबते, पण हे सांगायचं नाही.) दोन अंकीचं? प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ ने भागलं जातं, ते का? हा शेवटचा प्रश्न आठवीच्या मुलाला तीन दिवस पुरतो.

किनाऱ्यावरच्या मुलांसाठी दुसरं माझं आवडतं म्हणजे भरतीचं गणित. जुने मच्छीमार तिथीवरून भरतीची वेळ काढतात: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे, घोकून घेत. आता कोणी घेत नाही, पण बऱ्याच आजोबांना ती अजून तोंडपाठ असते. मुलांना घरून विचारून यायला सांगा, शिबिरात आल्यावर फोनवर विचारलं तरी चालेल. आणि मग प्रश्न टाका: पाऊणच का?

इथून वाट लांब जाते. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावस्या ते अमावस्या साडेएकोणतीस दिवस, त्यात ही वेळ पूर्ण २४ तास सरकते. ३० तिथींत २४ तास, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. आजोबांचा नियम ४५ धरतो. तीन मिनिटांचा फरक, पंधराव्या तिथीपर्यंत ४५ मिनिटांचा होतो. मग आजोबा चुकले का? मुलं यावर कडाकडा भांडतात, आणि ते भांडण चांगलं आहे. कोणीतरी म्हणतं, होडी काढायला पाऊण तास इकडे-तिकडे चालतो. कोणी म्हणतं, आमच्या खाडीत पाणी उशिराच चढतं. छापील भरतीचं कोष्टक मिळवून ठेवा आणि चार दिवस दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहून बघू द्या. अंदाज म्हणजे काय, चूक किती चालते, जवळजवळ बरोबर म्हणजे किती बरोबर, हे सगळं फळ्यावर एक शब्द न लिहिता येतं.

बाकी कोड्यांबद्दल थोडक्यात. जाळ्याच्या आसावर, म्हणजे जाळीच्या भोकावर, चौकोन मोजण्याची कोडी चांगली चालतात. वाघ-बकरी आणि नवकांकरी या खेळांचे पट जमिनीवर खडूने आखता येतात. बियांच्या खेळाला काजू वापरणार असाल तर पूर्ण वाळलेले आणि अख्खेच घ्या, फुटलेल्या ओल्या काजूचा चीक कातडी भाजतो.

पायरी ४ : पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी गणिताची चाचणी घेऊ नका. आयोजक म्हणाले तरी दोन दिवस पुढे ढकला. एसटीत उलट्या करून आलेलं, पहिल्यांदाच आईशिवाय झोपणार असलेलं मूल त्या कागदावर जे लिहील त्यावरून तुम्ही त्याला पंधरा दिवस एका गटात बसवणार.

संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ जपा. दिवेलागणीला घर आठवतं. कोणी रडलं तर "रडू नको" म्हणू नका, त्याला काहीतरी काम द्या: ताटं मोजायला घ्या, पोळ्यांचा हिशोब करायला सांगा. पहिल्या रात्री सगळ्यांना फोन लावून देऊ नये असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लावावा. रात्रीच्या फोनने दोन्हीकडचं रडणं वाढतं. पण एखादं मूल खरंच तळमळत असेल तर नियम बाजूला ठेवा.

भाषेकडे लक्ष द्या. कोणी मालवणी बोलेल, कोणी संगमेश्वरी, कोणी कोकणी मुसलमानांची बोली, कातकरी मुलं आपसात त्यांची भाषा. "शुद्ध बोल" हे दोन शब्द पंधरा दिवसांत तुमच्या तोंडून येता कामा नयेत. मुलं ज्या भाषेत विचार करतात त्यात त्यांना करू द्या, तुम्हाला नाही कळलं तर विचारा. समजावून सांगताना त्यांचा विचार आणखी नीट होतो.

मराठी संख्यानामंही सोपी नाहीत. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारं मूल गणितात कच्चं नसतं. आपण आधी तीन म्हणतो आणि नंतर साठ, लिहितो मात्र उलट. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, हे शंभरातल्या किती मोठ्या माणसांनी कधी उलगडून पाहिलंय? मराठी घरात न बोलणाऱ्या मुलाला तर हे दुप्पट जड जातं. अशा मुलाला "सहा दशक तीन" म्हणू द्या. गणित पुढे जातं, नाव मागून येतं.

जेवणाच्या पंगतीकडेही पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. कोण कोणाशेजारी बसत नाही, कोणाच्या हातचं पाणी कोण घेत नाही, ते दिसेल. भाषण करू नका. वाढपाच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा आणि रोज बदला, ताटं घासण्याच्याही तशाच. आणि तुम्ही स्वतः रोज वेगळ्या ठिकाणी, ज्या मुलाशेजारची जागा रिकामी आहे तिथे बसा.

पायरी ५ : अडलेल्या मुलाशेजारी बसणं

कामाचा गाभा हा आहे, म्हणून यावर जास्त लिहिते.

दुसऱ्या वर्षी माझ्या गटात बंदरावरचा एक मुलगा होता. कागदावर गणित होतं: २,७०० रुपये ५ जणांत वाटले तर प्रत्येकाला किती? त्याने लिहिलं ४५०. मी चूक अशी खूण केली, ५४० लिहिलं आणि भागाकाराची रीत पुन्हा समजावली. तो मान हलवत राहिला. दुसऱ्या दिवशी तसंच गणित, पुन्हा तसंच उत्तर. तेव्हा कुठे मी विचारलं, "कसं काढलंस?"

"सहा वाटे झाले ना."

"पाच माणसं आहेत की."

"हो, पण तांडेलाचे दोन."

त्याच्या घरी मासळी विकून पैसे आले की आधी होडीचा आणि जाळ्याचा वाटा निघतो, मग माणसांचे वाटे पडतात आणि तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, दोन मिळतात. २,७०० चे सहा वाटे, साडेचारशेचा एक. भागाकार बिनचूक होता. त्याच्या जगात पाच माणसांचे पाच सारखे वाटे कधी पडतच नव्हते. आणि मी दोन दिवस त्याला येत असलेली गोष्ट शिकवत होते, तो मुकाट ऐकून घेत होता. याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवसापासून मी नियम केला: "कसं काढलंस?" विचारल्याशिवाय चूक म्हणायचं नाही. उत्तर बरोबर असतानाही तेच विचारायचं, नाहीतर मुलांना कळतं की हा प्रश्न फक्त चुकलं की येतो.

उलटंही घडतं. बाजारात मासे विकताना आईच्या मदतीला बसलेली मुलगी तोंडी झटपट हिशोब करते आणि तोच कागदावर आला की थिजते. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल नेमकं हेच दाखवलं: बाजारातला हिशोब येतो, शाळेच्या पद्धतीचं गणित येत नाही, आणि शाळेतल्या मुलांचं त्याच्या उलट. यावर माझा उपाय घाईचा नाही. आधी तिला तोंडी सांगू द्या, मी तिचं बोलणं तसंच कागदावर उतरवते: "दोनशेचे तीन, सहाशे, वर पाव." मग विचारते, हे आणि पुस्तकातलं यात सारखं काय दिसतं? पूल तिने बांधायचा, आपण काठावर उभं राहायचं.

बसण्याची रीत सांगते. मुलाच्या समोर नाही, शेजारी बसा, आणि त्याच्याइतक्याच उंचीवर. ते जमिनीवर तर तुम्हीही जमिनीवर. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. तुमच्याकडे वेगळा कागद असावा. पहिला प्रश्न "काय विचारलंय?" हा, पण वाचून दाखवायला नको, त्याच्या शब्दांत. मग "आतापर्यंत काय करून बघितलंस?" मग थांबा. मनात तीस आकडे मोजा. तीस आकडे फार लांब वाटतात, पहिल्या वर्षी मी बारालाच बोलून टाकत असे. त्या शांततेत मूल काहीच करत नाहीये असं आपल्याला वाटतं. त्याच्या बोटांकडे बघा, बहुतेक वेळा ती हलत असतात.

तरीही काही नाही, तर गणित लहान करा. चाळीस होड्या नकोत, तीन घेऊ. तीनला काय होतं? चारला? इशारा द्यायचाच असेल तर एकच द्या आणि उठून दुसरीकडे जा. तुम्ही शेजारी थांबलात की मूल तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतं.

"हे सोपं आहे" म्हणू नका. सोपं आहे आणि मला येत नाही, असा त्याचा अर्थ मूल लावतं. "हुशार आहेस" हेही जपून. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा: "तू तीन वेगळ्या पद्धती करून बघितल्यास", "तुझी चूक तूच पकडलीस". आणि तुम्हाला स्वतःला येत नसेल तेव्हा तसं सरळ सांगा, आणि खरोखर त्यांच्यासमोर विचार करा. चौथ्या वर्षी एका मुलाने नवकांकरीबद्दल असा प्रश्न काढला की मला आणि शिक्षकांना दोन दिवस उत्तर सापडेना. गट आमच्याकडे बघत होता. मोठी माणसंही अडतात, खोडतात, वैतागतात, पुन्हा बसतात, हे मुलांनी तेव्हा पाहिलं.

पायरी ६ : रात्र, समुद्र, आजारपण

इथे कसलाही प्रयोग नको, सगळं ठरलेलं हवं.

मे-जूनमध्ये विंचू बाहेर पडतात. अंथरूण घालताना आणि पायात चप्पल घालण्याआधी झटकायची सवय पहिल्या रात्रीच लावा. झोपायची जागा भिंतीपासून थोडी लांब. अंधारात बाहेर जायचं तर टॉर्च आणि जोडीदार, शौचालयालाही. लाल विंचवाचा दंश मुलांच्या जिवावर बेततो, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून उपचार सोपा झालाय, पण त्यासाठी रुग्णालयात वेळेवर पोचावं लागतं. साप चावला, आणि कोकणात फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही आहेत, तर मुलाला चालवू नका, तो भाग हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. १०८ ला फोन, आणि गाडी मिळेल ती पकडून सरळ रुग्णालय. कोणी मांत्रिकाचं नाव काढलं तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, गाडी काढा. सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे शिबिराआधीच फोन करून खात्री करून घ्या.

समुद्रात उतरायचं नाही. किनाऱ्यावरची मुलं हसतील, त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं पोहता येतं. तरीही नाही. भरतीच्या खुणा बघायला जायचं तर कोरड्या वाळूवरून, मोजून न्यायचं, मोजून आणायचं, बरोबर गावातला एक जाणता माणूस.

पाळीचं सामान मुलींच्या खोलीत उघड्यावर, न मागता घेता येईल असं ठेवा. अंथरूण ओलं करणारं मूल प्रत्येक शिबिरात एखादं असतंच. पहाटे साडेपाचला चादर बदलायची, कोणालाही कळता कामा नये, तुमच्या सहकाऱ्यालाही गरजेपुरतंच.

बंद दाराआड कोणत्याही मुलाबरोबर एकटं राहू नका, बोलायचं तर पडवीत, इतरांना दिसेल असं. मुलांचे फोटो आपल्या फोनवरून कुठेही टाकू नका. आणि एखादं मूल, बहुतेकदा गणित चालू असतानाच, घरी किंवा कुठे आपल्याला त्रास होतो असं सांगू लागलं तर हातातलं सगळं सोडून ऐका. खोदून प्रश्न विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते वचन तुम्हाला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिबिरप्रमुखांना लगेच सांगा, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. शिबिरप्रमुख टाळाटाळ करत असतील तर तुम्ही स्वतः फोन करा.

पायरी ७ : रोज रात्री पंधरा मिनिटं

मुलं झोपल्यावर सगळ्या ताई-दादांनी एकत्र बसावं. पंधरा मिनिटं, जास्त नाही. प्रत्येकाने एका मुलाबद्दल सांगायचं: आज हे मूल कुठे अडलं आणि मी काय केलं. चार दिवसांत लक्षात येतं की काही मुलांची नावं एकदाही आलेली नाहीत. गप्प बसणारी, गणित येणारी, त्रास न देणारी मुलं ती. दुसऱ्या दिवशी आधी त्यांच्याकडे जा.

तुम्हीही झोपा. आठव्या-नवव्या दिवशी अंगातलं त्राण जातं, उकाड्याने झोप होत नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी आपण मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन उत्तर लिहून मोकळे होतो. तसा दिवस आला की सहकाऱ्याला सांगा आणि दुपारी दोन तास पडा.

पायरी ८ : शेवटचे दिवस आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढू नका. पालक येतात तेव्हा मुलांना त्यांना काहीतरी शिकवू द्या. एकेक टेबल, एकेक मूल, समोर आलेल्या मोठ्या माणसाने खेळायचं. मी पाहिलेल्या एका वर्षी एक आई ६१७४ पर्यंत पोचलीच नाही, दोनदा वजाबाकी चुकली. मुलगा तिच्या शेजारी बसला, पेन्सिल तिच्याच हातात ठेवली आणि म्हणाला, "कसं केलंस ते सांग." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पंधरा दिवस तो स्वतः ते ऐकत होता.

मुलांच्या वहीत त्यांची सुटलेली आणि न सुटलेली दोन्ही कोडी असू द्या. न सुटलेल्यांची उत्तरं देऊ नका. शाळेच्या शिक्षकांना प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून पाठवा, गुण नकोत: कशात रमतं, कुठे अडतं, कसं विचारलं की बोलतं. बहुतेक शिक्षक हे आवर्जून वाचतात, त्यांच्याही वर्गात वेळ नसतो म्हणून हे त्यांना दिसलेलं नसतं.

पोस्टकार्डं आधीच आणून ठेवा, प्रत्येक मुलाकडून पत्ता त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. व्हॉट्सॲप असतं, पण फोन बहुधा वडिलांकडे आणि वडील बाहेर. जुलैत, होड्या वर काढलेल्या असतात, लावणी चालू असते, शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, तेव्हा एका कार्डावर एकच कोडं लिहून पाठवा. खाली तुमचा पत्ता. उत्तरं ऑगस्टमध्ये येतात, काही चुकलेली, काही अर्धी. बिया उचलणाऱ्या मुलीचं कार्ड मला नारळी पौर्णिमेच्या सुमाराला आलं. कोड्याचं उत्तर त्यात नव्हतं. तिने नियम बदलला होता: आता एक, तीन किंवा चारच उचलायच्या, आणि खाली विचारलं होतं, "सांगा ताई, कोण जिंकेल?"

मी दोन दिवसांनी बियाच घेऊन बसले.